गावठी बोक्याला कॅट शोमध्ये जागा आहे का?

प्रश्न : आमच्याकडे बाळ्या नावाचा बोका आहे. ऐन पावसाळ्यात सोसायटीच्या मीटर-रूममध्ये सापडलेलं पिल्लू, आता अडीच वर्षांचा झालाय. नारिंगी पट्टे, चारही पंजे पांढरे. एका संस्थेने नसबंदी केली तेव्हा खूण म्हणून डाव्या कानाचं टोक कापलंय. माझी मुलगी सातवीत आहे. कॅट शोचे व्हिडिओ पाहून तिने हट्ट धरलाय की बाळ्याला न्यायचंच. यांचं म्हणणं, तिथे हजारो रुपयांच्या पर्शियन मांजरी येतात, आपल्या गावठी बोक्याला कोण विचारतंय, त्यातून नसबंदी झालेली. खरंच त्याला काही जागा असते का? असली तर सुरुवात कुठून करायची?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जागा असते. मुलीला आजच सांगा. जगभरच्या बहुतेक कॅट शोंमध्ये जातिवंत मांजरांच्या वर्गांबरोबर घरगुती मांजरांचा एक वेगळा वर्ग असतो. ‘हाउसहोल्ड पेट’ असं त्याचं नाव. तिथे वंशावळ विचारत नाहीत, जात विचारत नाहीत. अमेरिकेतल्या दोन मोठ्या संघटना, म्हणजे 1906 पासूनची ‘कॅट फॅन्सिअर्स असोसिएशन’ (सीएफए) आणि 1979 मध्ये सुरू झालेली ‘द इंटरनॅशनल कॅट असोसिएशन’ (टिका), दोघींच्याही नियमांत हा वर्ग आहे. चार महिन्यांचं झालं की पिल्लूही त्यात उतरू शकतं. नसबंदीचं म्हणाल तर तुमच्या घरात उलटा समज झालाय. आठ महिन्यांवरच्या घरगुती मांजराची नसबंदी झालेली असणं ही तिथे अट आहे. नसबंदी न झालेला बोका या वर्गात घेतच नाहीत. कापलेल्या कानाचीही काळजी नको. टिकाच्या पद्धतीत तर अपघातात पाय किंवा डोळा गमावलेलं मांजरही या वर्गात मानाने बसतं.

बाळ्यासारख्यांना ही जागा नंतर कुणी दया म्हणून दिली, असंही नाही. आजच्या स्वरूपाचा पहिला कॅट शो 13 जुलै 1871 रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये भरला. तो भरवला हॅरिसन वीअर या चित्रकाराने. त्या काळी लंडनमध्ये मांजर म्हणजे उंदीर मारायचं साधन, एरवी लाथ मारून हाकलायचा जीव. चुलीपुढे बसलेल्या साध्या घरच्या मांजराकडे लोकांनी एकदा नीट बघावं, त्याचा रंग, पट्टे, डौल डोळ्यांत भरावा, म्हणजे त्याला वागणूकही बरी मिळेल, हा वीअरचा हेतू होता. त्या शोमध्ये कामगारांच्या घरच्या मांजरांसाठी स्वतंत्र बक्षीस ठेवलं होतं. सगळी मांजरं एकत्र आली की आरडाओरडा माजेल, या धास्तीने वीअर सकाळी तिथे पोचला. बघतो तर किरमिजी रंगाच्या उशांवर मांजरं निवांत पडलेली, आवाज फक्त गुरगुरण्याचा आणि दूध चाटण्याचा. पुढे 1887 मध्ये ‘नॅशनल कॅट क्लब’ निघाला, तेव्हा वीअर त्याचा पहिला अध्यक्ष झाला. मात्र सभासदांना मांजरांच्या भल्यापेक्षा पदकांचीच ओढ जास्त आहे, असं दिसल्यावर त्याने ते पद सोडलं. या छंदात पहिलं पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला मी वीअरची ही गोष्ट सांगते.

अमेरिकेतला पहिला मोठा शो 1895 साली न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाला. तिथे अव्वल ठरली कोझी नावाची तपकिरी पट्ट्यांची, लांब केसांची मांजर. आज ज्यांना ‘मेन कून’ म्हणतात त्यांच्यातली. मेन राज्यातल्या शेतांवर, कोठारांत उंदरांमागे धावणाऱ्या मांजरांचीच ही जात.

आता तिथे नेमकं चालतं काय, ते सांगते. सीएफए आणि टिकाच्या शोमध्ये एकाच सभागृहात अनेक ‘रिंग’ असतात. रिंग म्हणजे एक लांब टेबल, त्यामागे ओळीने पिंजरे आणि एक जज. प्रत्येक रिंग हा स्वतंत्र शो समजायचा. तेच मांजर एका रिंगमध्ये पहिलं येतं आणि शेजारच्या रिंगमध्ये त्याचं नावही निघत नाही. यात कुणाची लबाडी नसते. प्रत्येक जज आपल्या डोळ्यांनी आणि आपल्या हातांनी ठरवतो. तुमचा क्रमांक पुकारला की तुम्ही मांजर उचलून त्या क्रमांकाच्या पिंजऱ्यात ठेवायचं आणि समोरच्या खुर्चीत जाऊन गप्प बसायचं. मांजर कुणाचं आहे हे जजला सांगायचं नसतं.

जज एकेक मांजर टेबलावर घेतो. आधी जंतुनाशकाने हात आणि टेबल पुसतो, आणि हे प्रत्येक मांजराच्या वेळी नव्याने. मग एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली घालून मांजराला उचलतो. अंगावरून हात फिरवताना स्नायू, वजन, पाठीचा कणा चाचपून घेतो. शेपूट मुळापासून टोकापर्यंत दोन बोटांतून सरकवतो. कुठे गाठ किंवा वाकडेपणा असेल तर बोटाला कळतोच. मांजराचं तोंड उजेडाकडे वळवून डोळे स्वच्छ आहेत का, हनुवटीखाली काळे दाणे आहेत का, कानात मळ आहे का ते पाहतो. केस उलट्या बाजूने फुंकरून त्वचा बघतो. शेवटी मोराचं पीस किंवा काडीला बांधलेली झालर नाचवतो. या शेवटच्या अर्ध्या मिनिटात मांजराचा स्वभाव कळतो आणि घरगुती वर्गात खरी बाजी इथेच लागते. जातिवंत मांजराची तुलना त्या जातीच्या लिखित मानकाशी होते. घरगुती मांजराला मानकच नाही. प्रकृती, स्वच्छता, रंगखुणांचं वेगळेपण आणि माणसांशी वागणं, इतकंच बघतात. निरोगी, चकचकीत अंगाचा आणि परक्या माणसाच्या हातात सैल पडून राहणारा गावठी बोका इथे भल्याभल्यांना मागे टाकतो. पुढे वाटलंच तर टिकाच्या शोंमध्ये गुण साठवत घरगुती मांजरालाही ‘मास्टर’पासून ‘सुप्रीम ग्रँड मास्टर’पर्यंतच्या पदव्या मिळवता येतात.

इंग्लंडची पद्धत वेगळी आणि मला ती फार आवडते. ‘गव्हर्निंग कौन्सिल ऑफ द कॅट फॅन्सी’ ही तिथली 1910 पासूनची संस्था. तिच्या पारंपरिक शोमध्ये दारातच पशुवैद्य प्रत्येक मांजर तपासतो आणि मगच आत सोडतो. पिंजऱ्यातलं अंथरूण, पाण्याचं भांडं, मातीचा ट्रे, सगळं पांढरं, म्हणजे वस्तूंवरून मालक ओळखू येऊ नये. परीक्षणाच्या वेळी मालकांना सभागृहाबाहेर काढतात आणि जजच पिंजऱ्यापिंजऱ्याशी जातो.

आपल्याकडे ‘फेलाइन क्लब ऑफ इंडिया’ ही संस्था शो भरवते. मुंबई, बंगळुरू, हैदराबाद अशा शहरांत तिचे शो झाले आहेत. जर्मनीतल्या एसेनमध्ये मुख्यालय असलेल्या ‘वर्ल्ड कॅट फेडरेशन’शी (डब्ल्यूसीएफ) ती संलग्न आहे. आपल्या देशी मांजरांना ‘इंडिमाऊ’ या नावाने जात म्हणून या फेडरेशनची मान्यताही मिळाली आहे. तेव्हा बाळ्याच्या भाईबंदांकडे आता मानकाच्या नजरेनेही पाहिलं जातंय. प्रत्येक शोचे वर्ग, फी आणि अटी थोड्या वेगळ्या असतात. म्हणून जाहिरात आल्याबरोबर आयोजकांना फोन करून एवढंच विचारा : घरगुती किंवा देशी मांजरांचा वर्ग आहे का, आणि एंट्रीची शेवटची तारीख कोणती? कॅटलॉग छापायला गेला की नाव घालता येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाळ्याला हे झेपेल का?

हा प्रश्न मुलीला विचारू नका, बाळ्यालाच विचारा. घरी पाहुणे आले की तो काय करतो? पलंगाखाली जाऊन बसतो आणि ते गेल्यावर तासाभराने बाहेर येतो, की दहा मिनिटांत येऊन पिशव्या हुंगतो? रिक्षात कॅरियरमध्ये सारखा ओरडतो, तोंड उघडून धापा टाकतो, की थोडं कुरकुरून बसतो? अनोळखी माणसाने उचललं तर अंग ताठ करून कान मागे पाडतो का? मांजर आपल्या जागेला बांधलेलं असतं. वास, आवाज, जागा एकदम बदलली की काही मांजरं खाणंपिणं सोडतात आणि लघवी धरून ठेवतात. बोक्यांमध्ये ते धोक्याचं ठरतं, मूत्रमार्ग तुंबून जीवावर बेततं. बाळ्या पहिल्या प्रकारातला असेल तर शोचा विचार सोडा. त्यात त्याचं काही कमी नाही आणि तुमचंही. तो दुसऱ्या प्रकारातला असेल तर दोनतीन महिने हाताशी ठेवून तयारीला लागा.

पहिला शो मात्र मांजराशिवाय बघा. मुलीला घेऊन जा, दिवसभर रिंगसमोर बसा, आवाज किती असतो, गर्दी किती असते ते अनुभवा. जेवणाच्या सुट्टीत मालकांशी बोला. मांजरवाली माणसं आपल्या मांजराविषयी विचारलं की हातचं राखून बोलत नाहीत. फक्त परवानगीशिवाय कुणाच्या मांजराला हात लावू नका. एका मांजराचे जंतू आपल्याच हातांनी दुसऱ्याकडे जातात.

घरची तयारी कॅरियरपासून सुरू होते. बहुतेक घरांत कॅरियर माळ्यावर असतो आणि डॉक्टरकडे जायच्या दिवशीच खाली येतो. मग त्याचा आवाज ऐकूनच बोका पसार! तो आजच खाली काढा, दार उघडं ठेवून दिवाणखान्यात मांडा, आत त्याचा जुना टॉवेल घाला आणि जेवणाची वाटी आतच ठेवा. काही दिवसांत तो आपणहून तिथे झोपायला लागेल. मग दार लावून एक मिनिट, पाच मिनिटं, मग जिन्यापर्यंत, मग सोसायटीला एक फेरी. याच्या जोडीला ‘जजचा खेळ’ रोज खेळा. जेवणाच्या टेबलावर जुनी चटई अंथरायची, बाळ्याला उचलून ठेवायचं, कान बघायचे, शेपटीवरून हात फिरवायचा, पीस नाचवायचं आणि लगेच आवडीचा खाऊ द्यायचा. दोन मिनिटं पुरेत. आठवड्यातून एकदा हे काम शेजारच्या काकूंना नाहीतर मुलीच्या मैत्रिणीला करू द्या, कारण जज परका असणार आहे. सातवीतल्या मुलीला हे काम मनापासून जमेल. व्हिडिओ बघण्यापेक्षा यात तिला जास्त शिकायला मिळेल.

नखं कापणं सक्तीचं. पुढच्या पंजांना पाचपाच, मागच्यांना चारचार, अशी अठरा नखं. बोटाची गादी हलकेच दाबली की नख बाहेर येतं. टोकाचा पारदर्शक भाग तेवढा कापायचा. आतला गुलाबी भाग जिवंत असतो, तो कापला तर रक्त येतं आणि पुढे महिनाभर मांजर पंजा हातात देत नाही. एका बैठकीत चार नखं झाली तरी चालतील.

आखूड केसांच्या मांजराला फार आंघोळ लागत नाही. शोच्या एकदोन दिवस आधी कोमट पाण्याने, मांजरांसाठीच्या शाम्पूने एकदा घातली की झालं. माणसांचा शाम्पू नको. सुगंधी तेलं तर अजिबात नकोत, टी-ट्री तेल मांजराला विषारी ठरतं. इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. शो जवळ आला की पिसवांची आठवण होते आणि लोक घरातल्या कुत्र्याचं गोचीड-पिसवांचं औषध मांजराच्या मानेवर ओततात. कुत्र्यांच्या कित्येक औषधांत परमेथ्रिन असतं. कुत्रा ते सहज पचवतो, मांजराला मात्र त्याने झटके येतात आणि ते दगावतं. ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल देणंही तसंच, एक गोळीसुद्धा घात करते. पशुवैद्यांना विचारल्याशिवाय काहीही लावू नका, काहीही देऊ नका. शांत राहावं म्हणून गुंगीचं औषध देऊन तर कधीच नेऊ नका.

कागदपत्रं म्हणाल तर लसीकरणाचं पुस्तक हवं. त्यात तिहेरी लस (पॅनल्युकोपेनिया, हर्पीस आणि कॅलिसी या तीन विषाणूंविरुद्धची) आणि रेबीजची लस चालू मुदतीतली असावी. लस राहिली असेल तर शोच्या किमान महिनाभर आधी घ्या, आदल्या आठवड्यात घेतलेल्या लसीचा त्या दिवशी उपयोग नाही. काही आयोजक मायक्रोचिप मागतात. तांदळाच्या दाण्याएवढी चिप सुईने खांद्यांच्या मधोमध कातडीखाली बसवतात, तिच्यात पंधरा आकडी क्रमांक असतो. शोला गेला नाहीत तरी ती बसवून घ्या असं मी म्हणेन. हरवलेलं मांजर आपलंच आहे हे सिद्ध करायला तिच्याइतका पक्का पुरावा नाही.

शोच्या दिवशी पहाटे थोडंच खायला द्या, पूर्ण जेवण शो संपल्यावर. सोबत त्याची नेहमीची माती, ट्रे, घरचं पाणी, वास मुरलेला टॉवेल आणि पिंजऱ्याच्या तिन्ही बाजू झाकायला एक जाड कापड घ्या. शेजारचं मांजर दिसलं नाही की निम्मी भांडणं मिटतात. गाडी उन्हात लावून मांजराला क्षणभरही आत ठेवू नका. बाळ्या घाबरला, धापा टाकायला लागला, तर दोन रिंग बाकी असल्या तरी घरी निघा. फी गेली तर गेली.

घरी आल्यावर आधी स्वतः हातपाय धुवा, कपडे बदला. घरात दुसरं मांजर असेल तर बाळ्याला पंधरा दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. सर्दी आणि नायटा हे दोन आजार अशा गर्दीतून हमखास येतात. मांजराचा नायटा मुलांनाही होतो. केस गोल गळालेले दिसले की लगेच डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : माझ्या भावाने मला पर्शियन पिल्लू घेऊन दिलं. दुकानदार म्हणाला, ‘ट्रिपल कोट, सेमी पंच’. आता ती वर्षाची आहे, केस अप्रतिम आहेत. वंशावळीचा कागद मात्र दिलेला नाही. शोमध्ये नंबर लागेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ‘ट्रिपल कोट’, ‘डॉल फेस’, ‘सेमी पंच’ ही सगळी बाजारातली भाषा. जज मानकाच्या भाषेत बघतो. सीएफएच्या पर्शियन मानकात शंभरापैकी 30 गुण डोकं, डोळे आणि कानांच्या ठेवणीला आहेत, 20 शरीराच्या बांध्याला, 20 रंगाला. ज्या केसांवर आपण सगळे भाळतो त्यांना फक्त 10. त्यामुळे केस अप्रतिम असूनही नंबर हुकला तर वाईट वाटून घेऊ नका.

कागद नसला तरी वाट बंद नाही. डब्ल्यूसीएफच्या पद्धतीत अशा मांजरांसाठी ‘नोव्हिस क्लास’ असतो. तिथे जज मांजर पाहून ते त्या जातीत बसतं का ते ठरवतात. नाही बसलं आणि नसबंदी झालेली असेल तर घरगुती वर्ग आहेच. आणि नसबंदी कराच. ‘एवढी सुंदर आहे, एकदा तरी पिल्लं होऊ देत’ असं चारचौघं म्हणतील. वंशावळ माहीत नसलेल्या, चपट्या तोंडाच्या मांजरीची वीण वाढवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. श्वासाचे, दातांचे, सतत डोळे गळण्याचे त्रास पिल्लांकडे जातात.

तिला रोज विंचरावं लागेल, काखेत आणि मागच्या पायांत आधी, कारण गुंता तिथेच होतो. गुंता कात्रीने कापू नका, पातळ कातडी सोबत कापली जाते. पावडर लावून विंचरत असाल तर एक कणही अंगात राहू देऊ नका, जजच्या हाताला लागली तर मांजर बाद होऊ शकतं. डोळ्यांखालचं पाणी दिवसातून दोनदा ओल्या, स्वच्छ कापसाने टिपा.

आणि फॉर्म भरण्याआधी तिला पशुवैद्यांकडे नेऊन श्वास तपासून घ्या. ती बसल्याजागी घोरत असेल, थोडं खेळली तरी तोंडाने श्वास घेत असेल, तर कोल्हापूरहून मुंबई-बंगळुरूचा प्रवास आणि दिवसभराची गर्दी तिला सोसणार नाही. डॉक्टर ‘नको’ म्हणाले, तर नेऊ नका.